गोठ्याची धूळ, मळणीची धूळ आणि मुलांचा दमा

विस्तारकार्य करणाऱ्या माणसाच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. ठाऊक असलेली गोष्ट वेळेवर न सांगणे ही पहिली, आणि गोष्ट अर्धीच सांगून निघून येणे ही दुसरी. पहिल्या चुकीबद्दल वरिष्ठ जाब विचारतात. दुसरीबद्दल सहसा कोणीच विचारीत नाही. ह्या दुसऱ्या प्रकारची एक चूक माझ्या हातून घडली आहे. ती येथे सांगावयाची ती केवळ कबुली म्हणून नव्हे, तर गावपातळीवरील कार्यकर्त्यांना व शेतकरी बंधूंना तिच्यापासून काही घेता यावे म्हणून.

दुग्धव्यवसायावरील एका ग्रामसभेत मी गोठ्याचे महत्त्व सांगत होतो. शेणामुताच्या वासाला शिकलेली मुले नाके मुरडतात, घराजवळचा गोठा हलवावा असे सुनांना वाटते, अशी चर्चा निघाली. तेव्हा मी उत्साहाच्या भरात म्हणालो, ‘गोठ्याच्या घरात वाढलेल्या मुलांना दमा कमी होतो, असे युरोपातील डॉक्टरांना आढळून आले आहे.’ सभा खूश झाली. मीही खूश होऊन परतलो.

त्या सभेत एक शेतकरी बसला होता. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलास दमा होता व तालुक्याच्या डॉक्टरांनी त्यास रोज ओढावयाचा पंप दिला होता. पंपाची सवय लागते, तो एकदा लागला की सुटत नाही, ही समजूत घरात होतीच. माझे वाक्य त्या समजुतीच्या मदतीस धावून गेले. पंप बंद झाला आणि मुलगा सकाळ-संध्याकाळ गोठ्यात जाऊ लागला. पुढे सोयाबीनची मळणी सुरू झाली. यंत्राजवळ पोती धरून उभ्या असलेल्या त्या मुलास रात्री असा दम लागला की त्याला एक वाक्य धड पुरे करता येईना. १०८ क्रमांकाची गाडी वेळेवर आली म्हणून तो वाचला. मी भेटावयास गेलो तेव्हा त्याचे वडील रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, ‘साहेब, तुम्हीच सांगितलं होतं ना?’

मी सांगितले ते खोटे नव्हते. पण ते अर्धे होते. उरलेले अर्धे आज सांगतो.

मूळ संशोधन काय आहे?

गवताचे पराग आणि माणसाचा श्वास ह्यांचा संबंध प्रथम प्रयोगाने दाखविला तो इंग्लंडमधील मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली ह्या डॉक्टरने. त्याला स्वतःलाच दर उन्हाळ्यात शिंका, नाक गळणे व डोळे चुरचुरणे ह्यांचा त्रास होई. त्याने निरनिराळ्या गवतांचे पराग गोळा करून स्वतःच्या नाकात, डोळ्यांत व खरवडलेल्या त्वचेवर लावून पाहिले. चिकट काचपट्ट्यांवर हवेतील पराग मोजले. उंचावरील हवेत पराग असतात किंवा नाही हे पाहण्यासाठी पतंगही उडविले. त्याचा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने एक चमत्कारिक निरीक्षण नोंदविले आहे. ज्यांचा गवताशी सर्वांत अधिक संबंध येतो त्या शेतकऱ्यांमध्ये हा परागज्वर क्वचितच आढळतो, आणि शिकलेल्या शहरी वर्गात मात्र तो बराच दिसतो.

हे कोडे पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ तसेच राहिले. मधल्या काळात रोगाची यंत्रणा बरीच उलगडली. क्लेमेन्स फॉन पिर्के ह्या डॉक्टरने १९०६ साली ‘ॲलर्जी’ हा शब्द घडविला. मराठीत त्यास अधिहर्षता असे म्हणतात. इशिझाका ह्या जपानी दांपत्याने १९६६ साली रक्तातील त्या प्रतिपिंडाचा शोध लावला, ज्याला आज आयजीई म्हणतात. ह्या प्रतिपिंडाचे काम असे की, निरुपद्रवी पराग किंवा धूळ शरीरात येताच ते शत्रू आल्याची हाकाटी करते. त्यामुळे पेशींतून दाहक द्रव्ये सुटतात, नाक गळू लागते, श्वासनलिकांच्या भिंती सुजतात, त्यांभोवतालचे स्नायू आवळतात व छातीत घरघर सुरू होते. शेतात उभे राहून राखण करणाऱ्या गड्याने चोर व घरधनी ह्यांतील फरक न ओळखता दोघांवरही काठी उगारावी, तसाच हा प्रकार आहे.

ह्या कोड्याला नव्याने हात घालणाऱ्यांत जर्मनीतील म्युनिक येथील बालरोगतज्ज्ञ डॉ. एरिका फॉन म्यूटियस ह्यांचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागेल. १९८९ साली बर्लिनची भिंत पडली. त्यानंतर पूर्व व पश्चिम जर्मनीतील मुलांची तुलना करण्याची संधी त्यांना मिळाली. पूर्वेकडील लाइपझिग व हाले ह्या शहरांत कोळशाचा धूर दाट होता. तेव्हा तेथे दमा व ॲलर्जी अधिक असणार अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात उलट आढळले. पूर्वेकडे खोकला व श्वासनलिकादाह अधिक होता खरा. परंतु १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे परागज्वराचे प्रमाण पूर्वेकडे २.४ टक्के, तर पश्चिमेकडे ८.६ टक्के निघाले. दम्याचेही प्रमाण पश्चिमेकडेच अधिक होते. आपल्याच अपेक्षेविरुद्ध गेलेला निष्कर्ष त्यांनी जसाच्या तसा छापला. प्रात्यक्षिकाचा प्लॉट फसला की तो अहवालातून वगळण्याचा मोह ज्यांना होतो, त्या आम्हा सर्वांनी ह्या गोष्टीपासून धडा घ्यावयास हवा.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील एका खेड्यात शाळेतील मुलांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या ध्यानात आले की, शेतकऱ्यांच्या मुलांत परागज्वर फारसा दिसत नाही. गावच्या डॉक्टरांचे हे साधे निरीक्षण मोठमोठ्या पाहण्यांचे बीज ठरले. ऑस्ट्रिया, जर्मनी व स्वित्झर्लंड ह्या देशांतील ग्रामीण मुलांची एक पाहणी डॉ. फॉन म्यूटियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केली. जी मुले वयाच्या पहिल्याच वर्षी गोठ्यात वावरली व घरच्या गाईचे दूध प्याली, त्यांच्यात दम्याचे प्रमाण शेकडा १ होते. ज्यांचा हा संबंध पहिल्या वर्षानंतर, म्हणजे एक ते पाच ह्या वयात आला, त्यांच्यात ते शेकडा ११ होते. परागज्वराचे आकडे अनुक्रमे ३ व १३ असे होते.

पुढे २०१६ साली अमेरिकेतील दोन शेतकरी समाजांची तुलना प्रसिद्ध झाली. आमिश व हटराइट हे दोन्ही समाज मुळात आल्प्स पर्वताच्या परिसरातून गेलेले. त्यांचा वंश जवळचा, आहार सारखा, कुटुंबे मोठी. फरक एवढाच की, आमिश कुटुंब घराजवळच्या लहान गोठ्यात गाई पाळते व घोड्यांनी नांगरते, तर हटराइट लोकांची शेती सामुदायिक, यांत्रिक व वस्तीपासून दूर असते. आमिश शाळकरी मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर हटराइट मुलांत २१ टक्के आढळले. आमिश घरांतील धुळीत जिवाणूंच्या आवरणाचे अंश जवळजवळ सातपट होते. ती धूळ उंदरांच्या नाकात घातली असता त्यांना दम्यासारख्या विकारापासून संरक्षण मिळाले. हटराइट घरांतील धुळीने तसे संरक्षण मिळाले नाही.

ह्याचा अर्थ असा की, तान्ह्या वयात अनेक प्रकारच्या निरुपद्रवी जिवाणूंशी परिचय झाल्यास शरीराच्या राखणदाराला चोर व घरधनी ह्यांतील भेद कळू लागतो. गर्भवती मातेचा गोठ्याशी संबंध असेल तर त्याचाही उपयोग होत असावा, असे काही पाहण्यांवरून दिसते.

संशोधन काय सांगत नाही?

येथवरचा भाग मी सभेत सांगितला होता, तोही थोडक्यात. ह्यापुढचा भाग सांगितला नाही, आणि नुकसान तेथेच झाले.

पहिली गोष्ट अशी की, हे संशोधन रोग होऊ न देण्याविषयी आहे, झालेला रोग बरा करण्याविषयी नव्हे. बियाण्यास पेरणीपूर्वी बुरशीनाशक चोळले तर मर रोगास आळा बसतो. म्हणून उभे पीक वाळू लागल्यावर बियाण्याची ती पुडी झाडांवर उधळून उपयोग होत नाही. तान्हेपणी जी धूळ राखणदारास शहाणे करते, तीच धूळ एकदा राखणदार बिथरल्यावर त्यास अधिकच चिथावते. नऊ वर्षांच्या दमेकरी मुलास गोठ्यात पाठविणे हा औषधोपचार नव्हे.

दुसरी गोष्ट, ‘कमी होतो’ म्हणजे ‘होत नाही’ असे नव्हे. आमिश मुलांतही शेकडा पाच जणांना दमा होताच. ते पाच कोणाचे तरी मुलगे-मुलीच होते. पाहणी शंभरांविषयी बोलते. आईबाप एकाच मुलाविषयी विचारतात. कार्यकर्त्याने ह्या दोहोंची गल्लत करू नये.

तिसरी गोष्ट, ह्या पाहण्या थंड मुलखातल्या आहेत. तेथील गाई कुरणावरच्या, चारा वाळलेल्या गवताचा, घरे वेगळी. आपल्याकडे गोठ्याच्या धुळीबरोबर चुलीचा धूर असतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स ह्यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले आहे की, विडी-सिगारेट कधीही न ओढणाऱ्यांनाही फुप्फुसांचा जुनाट विकार मोठ्या प्रमाणावर होतो व त्यात लाकूड-गोवऱ्यांच्या धुराचा वाटा फार मोठा आहे. गोठा राखावा आणि चुलीचा धूर घरात कोंडावा, असा सल्ला कोणत्याही संशोधनातून निघत नाही.

चौथी गोष्ट दुधाची. युरोपातील पाहणीत घरच्या दुधाचा उल्लेख आहे म्हणून आपल्याकडे कोणी मुलास निरसे दूध पाजू नये. सांसर्गिक गर्भपात व क्षय हे जनावरांचे रोग निरशा दुधावाटे माणसांस होतात. दूध उकळून पिण्याची आपली रीत शहाणपणाची आहे. ती सोडू नये.

मोठ्या माणसांची धूळ

धूळ धुळीसारखी नसते, हे शेतकऱ्यास मी सांगावयास नको. माती मातीसारखी नसते हे तो जाणतोच. कोरड्या, हवेशीर गोठ्यातील रोजची धूळ निराळी आणि सोयाबीन, तूर, हरभरा ह्यांच्या मळणीत यंत्राच्या तोंडातून लोटणारा भुसकटाचा ढग निराळा. ह्या ढगापासून कोणालाही संरक्षण मिळत नाही. मिळतो तो खोकला. दमेकऱ्यास तर तो धोकाच आहे.

ह्याहून कपटी असते बुरशीची धूळ. पावसात भिजलेल्या कडब्याची गंज, ओलसर राहिलेल्या वैरणीच्या गाठी, जुनी कुजलेली उसाची चिपाडे ही उकलताना पांढरट-करडी धूळ उडते. तिच्यातील बुरशीसारख्या सूक्ष्म जिवाणूंमुळे फुप्फुसास दाह होतो. इंग्लंडात ह्या रोगास ‘शेतकऱ्याचे फुप्फुस’ असेच नाव पडले. ओल्या साठविलेल्या गवतातील जिवाणूंमुळे तो होतो हे डॉ. जॅक पेपिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली दाखविले. उसाच्या चोथ्यापासून होणारा असाच विकार वैद्यकास परिचित आहे. काम केल्यावर चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप येणे, कोरडा खोकला व दम लागणे ही त्याची लक्षणे होत. ती साथीच्या तापासारखी वाटत असल्याने माणूस हिवतापाची गोळी घेतो व दुसऱ्या दिवशी त्याच गंजीवर चढतो. असे पुन्हा पुन्हा झाल्यास फुप्फुस कायमचे निबर होते. असा ताप आल्यास डॉक्टरांना आदल्या दिवशीचे काम आवर्जून सांगावे.

उपाय आपल्याच हातातले आहेत. कडबा पुरता वाळल्याशिवाय गंज रचू नये. गंजीखाली दगड-लाकडांचा ओटा करावा व वरून ती नीट शाकारावी. बुरशी लागलेली वैरण बंद गोठ्यात न झटकता उघड्यावर, थोडे पाणी शिंपडून काढावी. ती जनावरांसही घालू नये. मळणी यंत्र असे लावावे की वाऱ्याने भुसकट माणसांकडे न येता दूर जावे. नाकातोंडावर नुसते उपरणे बांधण्यापेक्षा घट्ट बसणारा एन-९५ मुखवटा वापरावा, कारण उपरण्याच्या विणीतून बारीक धूळ सहज आत जाते. काम संपताच अंघोळ करून कपडे बदलावेत, मगच लेकरू उचलून घ्यावे. घरात दमेकरी असेल त्याने मळणीच्या दिवशी खळ्याकडे फिरकू नये. ह्या शेवटच्या बाबतीत मजुराची गैरसोय होईल, पण मूल जागेवर राहील.

गाजर गवत

परागाचा विषय निघाला असता गाजर गवताचा उल्लेख टाळता येत नाही. अमेरिका खंडातून आलेल्या ह्या तणाची भारतातील नोंद १९५६ साली पुण्याहून प्रसिद्ध झाली, आणि आज ते बांधापासून शाळेच्या पटांगणापर्यंत सर्वत्र माजले आहे. त्याच्या स्पर्शाने त्वचेला चिवट खरूज-इसबासारखा विकार होतो. बंगळुरू येथील एका पाहणीत सुमारे ७ टक्के लोकांना त्याच्या परागामुळे नाकाची ॲलर्जी असल्याचे १९९१ साली प्रसिद्ध झाले. १९८४ साली बंगळुरूजवळ त्याचा पाला खाणारा मेक्सिकन भुंगा सोडण्यात आला. पावसाळ्यात तो चांगले काम करतो. तथापि सर्व काम भुंग्यावर सोपवून आपण स्वस्थ बसावे असे नाही. फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून हे गवत मुळासकट उपटावे. पांढरी फुले दिसू लागल्यावर काढलेली मोहीम छायाचित्रास बरी, पण त्या मोहिमेने परागच उडतात. दमेकरी मुलांना अशा श्रमदानास कदापि नेऊ नये.

हे आपले काम आहे काय?

माझे काही सहकारी म्हणतात, दमा हा आरोग्य खात्याचा विषय. आपण पीक व जनावरे पाहावीत. मला हे मत मान्य नाही. मळणी यंत्राची शिफारस आपण करतो, अनुदानाचे अर्ज आपण भरून घेतो, सोयाबीनचे क्षेत्र वाढले म्हणून अहवालात आनंद आपण व्यक्त करतो. मग त्याच यंत्राच्या तोंडातून निघणाऱ्या धुळीशी आपला संबंध नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? जागतिक रोगभाराच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे आठवा हिस्सा भारतात आहे. परंतु दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी दोन-पंचमांशाहून अधिक भारतात होतात. रोग इतरांहून फार अधिक नसता मृत्यू इतके अधिक का, ह्याचे एक मोठे कारण म्हणजे नियमित औषध न घेणे. आणि नियमित औषध न घेण्यामागे औषधाविषयीचे जे गैरसमज असतात, त्यांत माझ्यासारख्याच्या एका अर्ध्या वाक्याने भर पडू शकते.

म्हणून पंपाविषयी चार शब्द येथेच सांगतो. ओढावयाचे औषध थेट श्वासनलिकेत जाते, सबब त्याची मात्रा गोळीपेक्षा फारच कमी लागते. त्याचे व्यसन लागत नाही. एक पंप दम लागल्यावर तात्काळ आराम देण्यासाठी असतो व दुसरा सूज कमी ठेवण्यासाठी रोज घ्यावयाचा असतो. बरे वाटते म्हणून हा दुसरा पंप स्वतःच्या मनाने बंद करणे म्हणजे पीक हिरवे दिसते म्हणून पाण्याची पाळी चुकविण्यासारखे आहे. तो कमी करावयाचा किंवा थांबवावयाचा तो डॉक्टरांच्याच सल्ल्याने. मुलास बोलताना वाक्य पुरे करता येत नसेल, बरगड्यांमधील कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर तात्काळ आराम देणारा पंप देऊन क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

माझी सूचना साधी आहे. मळणी यंत्राच्या सुरक्षिततेविषयी जी प्रात्यक्षिके आपण सुगीपूर्वी घेतो, त्यांत अर्धा तास प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांसाठी राखून ठेवावा. गावातील दमेकरी मुलांची माहिती आशा कार्यकर्तीस असतेच. मळणीच्या आठवड्यात तिने व आपण मिळून त्या घरांना एकदा भेट द्यावी. ह्यास नवे अनुदान लागत नाही, नवी योजनाही लागत नाही.

आणि गोठा? तो ठेवावा, असेच माझे मत आजही आहे. तो स्वच्छ, कोरडा व हवेशीर असावा. निरोगी तान्ह्या बाळास घेऊन आजी वासराजवळ बसली तर तिला रागावू नये. तिच्या रीतीत काही तथ्य आहे, असे आता मोठे डॉक्टरही म्हणू लागले आहेत. मात्र हे वाक्य सभेत सांगताना पुढचे वाक्यही त्याच दमात सांगावे: ज्यास दमा झाला आहे त्याने आपले औषध सोडू नये.

त्या मुलाकडे मी अलीकडे जाऊन आलो. पंप देवळीत, दिसेल असा ठेवला होता. मळणीच्या दिवशी त्यास मामाच्या गावी पाठविणार असल्याचे त्याच्या वडिलांनी सांगितले. निघताना मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, ‘पुढल्या सभेत सगळं सांगा म्हणजे झालं.’ त्याप्रमाणे सांगितले आहे.